रुमाल टाकलेली जागा

आगाथाकाकी दर रविवारी उपाशीपोटी चर्चला जायची आणि उपाशीपोटीच बाहेर यायची. कॅथलिक लोक कम्युनियन घ्यायच्या आधी काही खात नाहीत. कम्युनियन म्हणजे मिस्सेच्या, रविवारच्या उपासनेच्या, शेवटाकडे फादर प्रत्येकाला देतात ती पांढरी चकती, पापडाहून पातळ. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचं शरीर. ते घ्यायला सगळे बाकांवरून उठून रांग लावतात. काकी उठायची नाही. एसटीत कडेच्या सीटवरचा माणूस करतो तसे गुडघे बाजूला वळवून ती आतल्या बायकांना वाट करून द्यायची, त्या परत आल्या की पुन्हा वळवायची, आणि मधल्या वेळात समोर बघत बसायची.

मी पहिल्यांदा तिच्याबरोबर आत गेले तेव्हा मला वाटलं, पाय दुखत असतील. बाहेर आल्यावर विचारलं. ती म्हणाली, "मला चालत न्हाई." उपासाला साबुदाणा चालतो आणि भात चालत नाही, हे सांगावं तितक्या साध्या आवाजात.

त्याच वेळी फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली विश्वनाथकाका पेपर वाचत बसलेले असायचे. तिला स्कूटरवर आणायचे, मिस्सा संपेपर्यंत बसायचे, मग वाटेत जिलेबी घ्यायचे, कारण बायको उपाशी असते. चर्चच्या आवारात त्यांनी कधी पाय टाकला नाही. आत ती बसलेली, बाहेर हे बसलेले. मी नांदेडला शिकायला येऊन त्यांच्या घरी राहिले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच चाललं होतं.

माझी ओळख थोडक्यात देते. विश्वनाथकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घर लातूरकडच्या मुरुडजवळचं, लिंगायत, शेती असलेलं आणि शेतीपेक्षा मोठा मान असलेलं. शिक्षण संपल्यावर मी नांदेडातच एका संघटनेचं काम धरलं. जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या मागे आम्ही उभे राहतो. पत्रकं मी लिहिते. पत्रकात प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह लागतं. हे पत्रक नव्हे, म्हणून जपून लिहीत आहे.

काकाकाकींची गाठ लातूरच्या बसस्टँडवर पडली. काकी जालन्याकडची. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. ती नर्स होऊन लातूरला एका दवाखान्यात कामाला होती आणि सुट्टीत नांदेडला मावशीकडे निघाली होती. काका नांदेडजवळ विष्णुपुरीला कॉलेजच्या वर्कशॉपात नुकतेच लागले होते. गाडी लागली तशी गर्दी तुटून पडली. काकीनं खालूनच खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. काका आधी आत शिरले, रुमाल बघितला, उचलला नाही, त्याच्यावर बसलेही नाहीत. जो जो बसायला आला त्याला "हितं हायत" असं सांगत उभे राहिले. काकी वर आली, बसली आणि थँक्यू म्हणाली. काका नांदेडपर्यंत उभ्यानं गेले. काकी म्हणायची, "रुमालाला इतका मान देणारा माणूस हाय, म्हणलं बाईला देईलच."

घरी सांगायची वेळ आली तेव्हा माझे आजोबा, म्हणजे अप्पा, ओरडले नाहीत. आमच्याकडे मोठी माणसं ओरडत नाहीत, नियम करतात. ते म्हणाले, "रजिस्टर कर, न्हाईतर काय कर. पर तिच्या चर्चची पायरी चढलास तर माझ्या मातीला येऊ नको." माती म्हणजे अंत्यविधी. काकांनी शब्द दिला. अप्पांना चर्चचा काही राग नव्हता, चर्चमध्ये काय चालतं हेही त्यांना माहीत नव्हतं. काकीच्या आजोबांच्या वेळेपर्यंत ते घराणं गावकुसाबाहेर राहत होतं, ते मात्र अप्पांना पक्कं माहीत होतं. जातीचं नाव घ्यायला लाज वाटली की आमच्याकडे धर्माचं नाव घेतात.

दोघांनी रजिस्टर लग्न केलं. त्यांना मूलबाळ झालं नाही. याचं श्रेय दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आपापल्या देवाला दिलं.

अप्पा वारले तेव्हा काका मातीला गेले. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही मांडी घालून बसवून. अप्पांना शेतात बसवलं, हातात त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं, वरून माती लोटली. काकीला बांधावर थांबायला सांगितलं होतं, ती थांबली. पुढे तिला कधी मी त्या दिवसाबद्दल चिडून विचारलं की ती एवढंच म्हणायची, "बसिवलं होतं छान. पाठ सरळ होती अप्पांची."

असं तिचं बोलणं. मी संघटनेतून तणतणत यायचे, आज कुठल्या बापानं पोरीला कोंडलं, कुठल्या फौजदारानं नवऱ्यामुलाला दमात घेतलं ते सांगायचे. ती ऐकायची आणि म्हणायची, "आधी हात धू." जेवण झाल्यावर म्हणायची, "आता बोल. आता तुझा राग पचंल." मला ती पत्रकवाली म्हणायची. शेजारच्या नसीमखालाला माझी ओळख करून देताना म्हणाली होती, "ही आमची पत्रकवाली. समद्या जगाचं लगीन लावती, सोताचं विचारलं की मीटिंग असती."

तिला कम्युनियन का चालत नाही, हे मी खोदून खोदून काढलं. चर्चच्या हिशोबी तिचं लग्न झालेलंच नव्हतं. फादरसमोर, साक्षीदारांसमोर जे झालं नाही ते लग्न नव्हे. म्हणजे ती आपल्या नवऱ्याबरोबर पापात राहत होती आणि पापात असलेल्या माणसानं त्या रांगेत उभं राहू नये. ती राहिली नाही. उपास मात्र सोडला नाही. मी विचारलं, घ्यायचंच नाही तर उपाशी कशाला जातेस? ती म्हणाली, "पाव्हणा दारावरून जातो म्हणून का घर झाडू नये?"

हे काकांना माहीत नव्हतं. माहीत असणार तरी कसं? ते बाहेर झाडाखाली. त्यांच्या कल्पनेत बायको दर रविवारी आत जाऊन सगळ्यांसारखं घेऊन येत होती. काकी मला म्हणाली होती, "त्यांना सांगू नको. कळलं तर येतील. आले की बापाला दिलेला शब्द गेला. मग रोज सकाळी माझं तोंड बघितलं की त्यांना त्येच आठवंल. त्याच्यापरीस मी बसते. बसायला काय लागतंय?" मी यावर काहीच बोलले नाही. आमच्या कामात गप्प राहणं म्हणजे संमती असं धरत नाहीत.

मग तिला पोटातला आजार निघाला. लातूरच्या तिच्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फाइल बघून परत नांदेडला न्या म्हटलं, नांदेडच्यांनी घरी न्या म्हटलं. नर्स असल्यामुळे तिला घरी न्या म्हणजे काय ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली, ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं. काका पेज करायला शिकले. काकी खाटेवरून सांगायची, "मीठ ऱ्हायलं," आणि काका म्हणायचे, "तू चव न घेता कसं सांगतीस?" ती म्हणायची, "तुम्ही केलंय म्हणून."

एका रविवारी, पडून राहिल्यामुळे चर्चला जाणं सुटलेलं, सकाळी मी तिला चहा दिला. तिनं कप बाजूला ठेवला. "मिस्सा संपू दे," म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एकदा मिळालं असतं तर बरं झालं असतं." तिनं आयुष्यात मागितलेली गोष्ट म्हणून मला एवढीच आठवते आणि तीही भिंतीला सांगितली.

मी चर्चला गेले. मुद्दे काढून गेले होते. फादर वसईकडचे, पन्नाशीचे, त्यांचं मराठी आमच्या घरातल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध. त्यामुळे भांडायला सुरुवात करणं अवघड गेलं. तरी केली. मरणाऱ्या बाईला घासभर अन्न नाकारणारा हा कसला देव आणि हे कसले नियम, असं बोलले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या काकांनी एकदा 'हो' म्हणायचं आहे. धर्म बदलायचा नाही. बिशपांची परवानगी मी आणतो, दोन साक्षीदार लागतील. हे मी तुमच्या काकींना आल्या आल्या सांगितलं होतं. माझ्या आधीच्या फादरांनीही सांगितलं होतं."

माझे पुढचे मुद्दे तिथे निकामी झाले. पण मी हटले नाही. म्हटलं, ती मरायला टेकली आहे, आता तरी तसंच द्या. फादर म्हणाले, मरणाच्या दारातल्या माणसाला द्यायची तर त्यांचीही इच्छा असते. माणसानं कन्फेशन करावं, म्हणजे पापांची कबुली द्यावी, झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप झाला म्हणावं, ते लगेच देतील. गेल्याच आठवड्यात ते तिला घरी येऊन हेच सांगून गेले होते.

"मग?"

"त्या म्हणाल्या, फादर, ह्यांच्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप मला होत नाही. खोटं कसं सांगू?"

फादरांनी चहा पुढे सरकवला. मी तो प्यायले.

घरी आले तेव्हा काकी झोपली होती. काका स्वयंपाकघरात पेज ढवळत होते. मी सांगून टाकलं. आडपडदा न ठेवता, ओळीनं: ती रांगेत जात नव्हती, का जात नव्हती, तुम्हाला का सांगितलं नाही, आता काय हवंय. काकांनी गॅस बंद केला.

"म्हंजी ती आत नुसती बसून होती?"

"हाव."

"समदे रविवार?"

"हाव."

त्यांनी पेजेवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "आन् मी जिलेबी घेत होतो."

मी म्हटलं, फादर घरी यायला तयार आहेत, तुम्हाला चर्चला जायची गरजच नाही. पायरी चढायचीच नाही, शब्द शाबूत राहतो. शिवाय अप्पा जाऊन इतकी वर्षं झाली. त्यावर ते म्हणाले, "अप्पा असते तर भांडून शब्द माघारी घेतला असता. आता कुणाकडून घेऊ?" मग एकदम म्हणाले, "फादरला कळवायचं कसं?" मी मोबाइल पुढे केला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत खिशात घातला. "लग्नाचं आवतन फोनवर देतेत का?"

आमच्या गावाकडे नाही देत. घरचा माणूस जातो, दारात उभा राहतो, हातावर सुपारी ठेवतो. काकांनी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलं, लग्नकार्याला ठेवलेलं धोतर काढलं. स्कूटर मी चालवली. फाटकाशी आल्यावर काका सवयीनं कडुलिंबाकडे वळले, मग मला म्हणाले, "तू बस हितं."

मी झाडाखालच्या दगडावर बसले. काकांनी पायरीपाशी चपला काढल्या आणि थांबले. ओठ हलताना दिसले. मग चढले आणि आत गेले. ते परत आल्यावर मी विचारलं, पायरीपाशी काय म्हणालात? ते म्हणाले, "अप्पाला म्हणलो, तुमच्या मातीला येऊन झालंय माझं. आता त्ये तुम्हाला माघारी घेता येत न्हाई."

आत काय झालं ते नंतर फादरांनी सांगितलं. काकांनी त्यांच्या तळहातावर सुपारी ठेवली आणि म्हणाले, "आमच्या घरी लगीन हाय. यायचं बगा." फादरांना सुपारीचं काय करायचं ते कळलं नाही, त्यांनी ती झग्याच्या खिशात टाकली.

काकी जागी झाली होती. काकांचं धोतर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस."

"हाव."

"आता पत्रक काढायचं तेवढं ऱ्हायलं." मग काकांकडे वळून म्हणाली, "चढलाव?"

"चढलो."

"तिसरी पायरी हलतीय. संभाळून चढलाव न्हवं?" एवढं बोलून तिनं पदर तोंडावर घेतला. काका पेज गरम करायला गेले. त्या दिवशी मीठ जास्त पडलं, तिनं नाव ठेवलं नाही.

बिशपांची परवानगी आली आणि फादर आले. मी आजवर पुष्कळ लग्नांना साक्षीदार म्हणून सही केली आहे. नवरीच्या नाकात ऑक्सिजनची नळी असलेलं हे पहिलंच. दुसरी साक्षीदार नसीमखाला. तिला प्रकार समजावून सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मतलब अबी तक तुम लोगां बिना शादी के थे? और मेरी पोट्टियां कू अच्छे चालचलन के सबक तुम देते थे?" काकीला हसू आलं, हसण्यानं खोकला आला, सगळं पाच मिनिटं थांबलं.

आधी कन्फेशन. त्याला आम्हाला बाहेर काढलं. दार बंद. काका व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. "लई वेळ लागायलाय. हिच्याकडं सांगण्यासारखं हाय काय?" मी म्हटलं, तुम्ही आहात. ते म्हणाले, "माझ्यात एवढं काय हाय?"

मग लग्न लागलं. फादरांनी विचारलं, विश्वनाथ, तुम्ही आगाथाचा पत्नी म्हणून स्वीकार करता का? काका म्हणाले, "केलेलाच हाय." फादरांनी नम्रपणे सांगितलं की 'हो' म्हणावं लागेल. काका म्हणाले, "हो." काकीनं तिचा 'हो' लगेच म्हटला, श्वास पुरवून ठेवल्यासारखा.

आणि मग ती चकती. अर्धीहून कमी, कारण तिला गिळवत नव्हतं. फादरांनी ती जिभेवर ठेवली, मी चमच्यानं पाणी पाजलं. काका पायथ्याशी उभे राहून बघत होते. त्यांनी ती वस्तू आयुष्यात प्रथमच बघितली.

"एवढंसंच?" ते म्हणाले.

काकीनं डोळे मिटले होते. "हाव," म्हणाली. "एवढंच."

तिच्याकडे त्यानंतर थोडे दिवस होते. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, काका उशाशी बसले होते. विषय निघाला तो काकांनीच काढला. तुला हितल्या चर्चच्या कब्रस्तानात नेणार, मला मुरुडला शेतात, अप्पाच्या शेजारी. मरूनसुद्धा एका जागी नाही. काकी म्हणाली, "बरंच हाय. तुमच्यात बसिवतेत, आमच्यात निजिवतेत. मी लई बसले. आता निजते. तुम्हाला झाडाखाली बसायची सवय हाय."

काका हसले नाहीत. म्हणाले, "आन् वर? तुझ्या देवाकडं मला कोण घेतंय?"

तिनं थोडा विचार केला. धर्मात काय सांगितलंय ते तिला ठाऊक होतं आणि खोटं ती फादरांशीही बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्ये मला ठाव न्हाई. मी रुमाल टाकून ठिवते. कंडक्टरनं काय केलं तर तिथं भांडू."

ती सकाळी गेली, जपमाळ हातात, काका पेज निववत असताना. गावाकडून माझे वडील आले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. कब्रस्तानच्या फाटकाशी ते थबकले, मग आत आले. पेटी खाली सोडताना माझ्या कानाशी म्हणाले, "निजिवतेत व्हय?" मी हो म्हटलं. त्यांनी वाकून मूठभर माती टाकली. आमच्यातही टाकतात. तेवढं सारखं निघालं.

माझं मत बदललेलं नाही, हे इथे नोंदवते. ज्या नियमात माणसाला आपल्या संसाराला पाप म्हटल्याशिवाय घास मिळत नाही, तो नियम वाईट आहे. जो बाप आपल्या मढ्याची धमकी देऊन पोराला दाराबाहेर बसवतो, तो वाईट आहे, मग तो माझा आजोबा का असेना. आणि काकीनं पहिल्याच रविवारी सांगून टाकायला हवं होतं. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तुझं खरं हाय. पर तुझ्या खऱ्यानं माझ्याऐवजी माझा नवरा उपाशी ऱ्हायला असता."

काका आता रविवारी आत जातात. स्वतः स्कूटर चालवत जातात, कपाळावर विभूती असते, सकाळपासून काही खाल्लेलं नसतं. तिच्याच बाकावर, कडेच्या जागेच्या एक जागा आत बसतात. रांग लागली की आतल्या बायकांसाठी गुडघे वळवतात. त्या जातात, परत येतात. काका उठत नाहीत. फादरांनी त्यांना सांगितलंय की रांगेत येऊन हात छातीवर ठेवले तर नुसता आशीर्वाद मिळतो. काका म्हणाले, "बघू."

मागच्या रविवारी मी त्यांना भेटायला चर्चला गेले आणि लवकर पोचले म्हणून दारात उभी राहिले. नाताळच्या आधीची गर्दी होती. उशिरा आलेली एक बाई बाकाबाकानं जागा शोधत त्यांच्यापाशी आली. कडेची जागा रिकामी होती. तिच्यावर काकांचा धुतलेला, चौघडी केलेला रुमाल होता.

"इथं कुणी आहे का?" बाईनं विचारलं.

काकांनी गुडघे वळवून तिला आत जायला वाट करून दिली.

"हाव," ते म्हणाले. "हितं हायत."